मऊ केलेल्या स्प्रिंगा

वाई, मंगळवार, मार्च १९७४

मऊ स्प्रिंगांची खरी किंमत: आज सगळा पसरणी घाट ब्रेक दाबत उतरलो. माझी मोटारसायकल कडक, म्हणून तर उतारावर रस्ता मुठीत कळतो. पहिल्याच वळणावर ती पाळण्यासारखी झुलली, मडगार्ड घासल्याचा आवाज आला. तिथंच ओळखलं. खाली येऊन तडक उस्मान मिस्त्रीचं गॅरेज गाठलं.

"कुणाला इचारून मऊ केल्यास रं?"

"आवं, वैनींनीच सांगितलं. तुमच्या कमरेसाठी."

"कंबर पोलादी हाय माझी! उद्या परत कडक कर."

घरी हिला जाब विचारला, तर म्हणते, "घाट एकटे उतरता, पण पाटावरनं उठवायला मीच लागते न्हवं?"

माझ्या माघारी माझ्या गाडीला हात? कोण समजते स्वतःला? कडक म्हणजे कडक.

आज जेवून पाटावरून एकटाच उठलो, कंबर न धरता.