भाषणासाठी बोललेला बोकड

सदाशिव पेठ, पुणे
२७ जून २०२५

ती. काका आणि ती. सौ. काकी यांना नीरजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं बोलणं सुरू झालं की मध्ये शिरायला जागा मिळत नाही, त्यापेक्षा पत्र बरं, चहा पिताना बाजूला ठेवता येतं, असं काका म्हणतात. म्हणून हे पत्र आपल्या गावाहून रोज दूध घेऊन येणाऱ्या दत्तोबांच्या हाती देते आहे.

राज्यस्तरीय वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले, एवढंच फोनवर सांगितलं होतं. चषक एवढा मोठा आहे की रुकसाना, माझी खोलीतली मैत्रीण, त्यात तांदूळ भरून ठेवायचं म्हणते. विषय तुम्हाला मुद्दामच सांगितला नव्हता, कारण काका हसले असते. विषय होता मांसाहार आणि तापणारी पृथ्वी. मी म्हणाले की एक किलो मटण ताटात यायला जितकं पाणी आणि जितकी जमीन लागते, तितक्यात डाळभाताची कितीतरी ताटं वाढता येतात. गाई, मेंढ्या, बोकड रवंथ करतात, ढेकरांतून मिथेन सोडतात आणि तो वायू हवा तापवतो. आपल्याकडे मटण शिजायचं ते जत्रेला, नाहीतर श्रावण लागायच्या आधी आखाडात. आता बुधवार, शुक्रवार, रविवार. सगळं सभागृह उभं राहिलं, काका. आणि बोलून विसरून जाणाऱ्यांतली मी नव्हे. त्या दिवसापासून मटण सोडलं आहे.

काकी, तू माझ्यासाठी काहीतरी देवाला सांगितलं असणारच. काय सांगितलंस ते कळव. तुमची माया आहे, ती अशीच माझ्या वाट्याला येत राहो.

तुमची नीरजा

* * *

३० जून २०२५

चि. नीरजा हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात बसलो होतो आणि समोर बोकड उभा होता. पत्र वाचलं, बोकडाकडे पाहिलं, पुन्हा पत्र वाचलं. आता तू बसून घे.

तुझ्या काकीने मे महिन्यात म्हसोबाला नवस बोलला, की पोरीचा पहिला नंबर आला तर तुला बोकड देईन आणि नवस फिटेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. विषय काय आहे हे विचारायचं तिला सुचलं नाही. मलाही नाही. तू तिकडे बोकडाच्या विरोधात भाषण पाठ करत होतीस आणि ही इकडे त्याच भाषणावर बोकड लावून बसली होती. म्हसोबाने दोघींचंही ऐकलं असं दिसतं.

त्यात आपल्या रविराजने बापाला, म्हणजे मला, न विचारता चौकात फ्लेक्स लावला आहे. वर माईकसमोरची तू, खाली बोकड, दोघांचे चेहरे एकाच मापाचे. मजकूर असा की वक्तृत्वसम्राज्ञी नीरजाताई यांच्या घवघवीत यशानिमित्त रविवार १३ जुलै रोजी मटणाचं जेवण. सगळ्या भावकीने येतो म्हणून कळवलं आहे. तुझं भाषण पटल्यामुळे नसावं.

घोळ पुढे आहे. ज्याच्यासाठी नवस, त्याने पहिला घास घ्यायचा ही आपली रीत. तू घास घेतला नाहीस तर नवस फिटत नाही आणि तुझ्या काकीच्या पायात चप्पल येत नाही. रस्त्याचं काम निघालं आहे, जिकडेतिकडे खडी. काल मी तिच्या टाचेतून काच काढली. एवढं मोठं बक्षीस मिळवलंस, आता जरा इकडेही डोकं चालव.

लोभ जिथल्या तिथे आहे.

तुझा काका, सर्जेराव

* * *

सदाशिव पेठ
२ जुलै २०२५

ती. काका-काकींना सा. न. वि. वि.

त्या फ्लेक्सचा फोटो माझ्या कॉलेजात पोचला आहे. स्पर्धेच्या परीक्षकांपैकी एकांनी रात्री फोन करून विचारलं की हा उपरोध आहे का.  मी गप्प राहिलेली रुकसानाने प्रथमच पाहिली, आणि ती हसतहसत कॉटवरून खाली पडली.

काका, मी घास घेणार नाही. पाचशे माणसांसमोर जे छातीवर हात ठेवून सांगितलं, ते पन्नास माणसांसमोर पत्रावळीवर गिळायचं? धरणात पाणी कमी झालं की आपणच टँकरमागे धावतो, उन्हाळा दरसाल वाढला म्हणून आपणच कपाळाला हात लावतो, आणि ताट मात्र आहे तस्संच हवं. कुणीतरी पहिलं ताट बदलायला नको का?

एवढं लिहिलं आणि मग काकीची टाच आठवली. मोठमोठे ग्रंथ वाचले मी, पण त्या काचेवर एकातही उत्तर नाही. नवसात बोकडाऐवजी कोहळा चालणार नाही का? नारळ? म्हसोबाला निदान विचारून तरी बघा.

कळावे, आणि काकीला घरातल्या घरात तरी जपून चालायला सांगावे.

नीरजा

* * *

५ जुलै २०२५

चि. नीरजा हिला आशीर्वाद.

तुझं म्हणणं तपासावं म्हणून दुपारभर बोकडाशेजारी बसलो. एक ढेकर ऐकू आली, पण ती माझी असावी.

माझंही ऐक. हा बोकड बांधावरचा पाला आणि बाभळीच्या शेंगा खाऊन वाढला, त्याच्यासाठी कुणी रान तोडलं नाही. आणि तू आलीस की पनीर मागतेस, ते ज्या म्हशीच्या दुधाचं, ती काय रवंथ करत नाही? तुझ्या भाषणात म्हशी कशा सुटल्या?

पण बुधवार-शुक्रवारचं लिहिलंस ते लागलं. बुधवारचं रविराज आणतो, शुक्रवारचं मीच. त्याला ना सण ना नवस, नुसती सवय. बोकडावर मी तुझ्याशी भांडेन. सवयीवर भांडायला तोंड नाही.

कोहळ्याला काकी नाही म्हणाली. तिच्या मते देव म्हणजे माल बदलून देणारं दुकान नव्हे. मात्र माझ्या आजीने एकदा नवसाचा बोकड न कापता देवाच्या नावाने मोकळा सोडला होता. त्याला कौल लागतो. म्हसोबाच्या दगडाला दोन बाजूंना दोन फुलं पाण्याने चिकटवायची. उजवं आधी पडलं तर सोडायचा, डावं पडलं तर कापायचा. काकी तयार आहे, पण डावं पडलं तर तू निमूट घास घ्यायचास. बोल, आहे कबूल?

काका

ता. क. नीरा, काका उगं वाढवून लिवत्यात. टाच बरी हाय. पन तुला नगं आसंल तर सांग, मी आशीच चालंन जलमभर. तुज्यावर राग न्हाय. – काकी

* * *

सदाशिव पेठ
७ जुलै २०२५

ती. काका-काकींना सा. न. वि. वि.

काकीच्या त्या चार ओळींनी माझा वादविवादाचा सगळा अभ्यास धुळीला मिळवला. जन्मभर चालेन म्हणणाऱ्या माणसाला खोडून कसं काढायचं, हे कुणी शिकवलेलंच नाही.

कबूल. डावं पडलं तर मी एक घास खाईन आणि दुसऱ्या दिवशी चषक परत करीन. जे पाळता आलं नाही त्याचं बक्षीस मी घरात ठेवणार नाही. एका फुलावर मी आपली मतं टांगली, हे कुणाला सांगू नका. सबंध जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

म्हशींच्या बाबतीत तुमचं खरं आहे. पनीर कमी करते आहे. रुकसाना त्यामुळे तुमच्यावर रागावली आहे.

काकीसाठी लक्ष्मी रोडवरून चपला घेऊन ठेवल्या आहेत. कौल काहीही लागो, त्या तिच्याच.

नीरजा

* * *

१० जुलै २०२५

चि. नीरजा हिला अनेक आशीर्वाद.

आज कौल लावला. भावकी झाडून हजर. तुझ्या काकीने दोन जास्वंदी चिकटवल्या, हात जोडले आणि आम्ही बसलो. फुलं काही हलेनात. माणसं उभी राहून थकली, बसून थकली. रविराजने हळूच फुंकर मारली, त्याला मी बाहेर काढला. दुपार कलली. ज्येष्ठ मंडळी म्हणू लागली की देवाला दोन्ही चालत असावं. तरुण मंडळी म्हणू लागली की मग कापूच.

तेवढ्यात मागे बांधलेल्या बोकडाने दावं तोडलं. तो माणसांमधून आला, म्हसोबाच्या पुढे उभा राहिला आणि डावं फूल खाऊन टाकलं. देठासकट. वर म्हसोबाला एक ढुशी दिली, तिने उजवं फूल खाली आलं.

मग जे माजलं ते तू असतीस तर कागदावर उतरवलं असतंस. खाल्लेलं फूल पडलं असं धरायचं का? धरलं तर डावं आधी पडलं. तासभर भावकी यावर भांडली, आणि सगळ्यांत हिरिरीने मटणवाले. शेवटी काकी उठली. ती म्हणाली की ज्याचा जीव, त्याने आपलं म्हणणं देवासमोर मांडलं. इतकं चांगलं भाषण तर आपल्या नीराचंही झालं नसेल. तिने उजवं फूल उचलून कपाळाला लावलं आणि विषय मिटला.

रविवारी मासवड्यांचं जेवण आहे. बेसनाच्या, खोबऱ्या-तिळाचं सारण घातलेल्या, वर झणझणीत तर्री. पहिला घास तुझाच. काकी सकाळपासून वाटण वाटते आहे. चपला विसरू नकोस. रुकसानालाही आण, पनीरचं तिच्याशी मिटवायचं आहे.

काका

* * *

२२ जुलै २०२५

चि. नीराला काकीचा आशीर्वाद.

चपला छान बसल्या. टाचंला गादीवानी लागत्यात. घास घेताना तुज्या डोळ्यांत पानी आलं ते तर्रीचं का कशाचं, त्ये काका रोज इचारत्यात. मी सांगत न्हाय. शुक्रवारी त्येंनी आपनहून मसूर आनली. दोन येळा मागून खाल्ली.

आता वाईट बातमी. तू आन रुकसानानं जेवनानंतर म्हसोबाच्या माळावर रोपं लावली हुती. बोकड आता देवाचा झाला, त्याला कुनी हाकलायचं न्हाय, मारायचं न्हाय. त्यानं रोपं खाल्ली. सगळी. मग चौकात जाऊन फ्लेक्स खाल्ला, तुजा फोटू तेवढा ऱ्हायलाय. आमी नवी रोपं आनलीत, या बारीला काट्याचं कुंपन घालून लावू.

दिल्लीला मोठी स्पर्धा हाय म्हनालीस. मी आजून म्हसोबाला काय बोलले न्हाय. आदी विषय कळव, मग बोलंन. माजं ऐकशील तर झाडं वाचवायवर बोल, आन जायच्या आदी एकडाव हितं येऊन त्या बोकडाम्होरं बोलून बघ. त्यानं खाता खाता मान वर करून तुज्याकडं बघितलं, तर दिल्लीचं काय आवघड न्हाय.

माया हाय तेवढी हाय. वाढवायची तर येऊन जा.

तुजी काकी, सरुबाई