इंदापूरला चाळीस मिनिटांत

२९ जून १९५७, शनिवार
सिंधू काल आखाडासाठी माहेरी इंदापूरला गेली. मीच एस.टी.त बसवून दिलं. लग्न झाल्यापासून तिनं एकच गोष्ट मागितली आहे. मोटारसायकलवर माझ्या मागं बसून कालव्याकडेनं यायचं.
निश्चय: तिला आणायला एस.टी.नं जायचं नाही. स्वतःच्या मोटारसायकलवर जायचं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. यंत्राला घाबरण्याचं कारण नाही.

७ जुलै, रविवार
तीन गाड्या पाहिल्या.
कोऱ्हाळ्यातली: टाकीवर कोंबडी अंडी उबवत होती. मालक म्हणाला, पिल्लं निघाली की द्या किक.
पिंपळीतली: चांगली चालू. बाजूला साइडकार, त्यात गादी. आईला फार आवडली. म्हणाली, हीच घे, पोरगी आरामात बसंल. आईला समजावलं, साइडकारनं वेग जातो.
सणसरची: लष्करातून आलेली, साडेतीनशे सीसी. मालक गेणबा पलटणीतून निवृत्त. चालू करून दाखवली नाही. आवाज कसा आहे ते तोंडानं काढून दाखवलं. आवाज उत्तम.

१४ जुलै, रविवार
सणसरची घेतली. बैलगाडीतून घरी आणली.

२१ जुलै, रविवार
पुण्याच्या रद्दीत एक विलायती मासिक मिळालं. त्यात फोटो आहे. तिकडं तरुण मुलं चहाच्या दुकानापुढं गाड्या लावतात. गाडीवर अनावश्यक काही ठेवत नाहीत. दुकानात रेकॉर्ड लावतात, गाडी पळवतात आणि रेकॉर्ड संपायच्या आत परत येतात.
हिशोब केला. बारामती ते इंदापूर बत्तीस मैल. चाळीस मिनिटं पुरेत. त्यासाठी वजन उतरवायला हवं. जितकं वजन कमी, तितकी सिंधू लवकर घरी.

४ ऑगस्ट, रविवार
आखाड संपला, नागपंचमीही झाली. सिंधूला कळवलं, काम चालू आहे.
भीमा ऑइल इंजिनं दुरुस्त करतो. त्याला बोलावलं. आज दोन्ही मडगार्ड, चेनचं कव्हर, हॉर्न आणि स्टँड काढलं. भीमा म्हणाला, स्टँड काढल्यावर गाडी हुभी कशी करायची? त्याला सांगितलं, ही गाडी उभी राहण्यासाठी नाही.
सध्या ती शेवग्याला टेकवली आहे.

९ ऑगस्ट, शुक्रवार
पाऊस. गाडीवरून शाळेत गेलो. पाठीवर कमरेपासून टोपीपर्यंत चिखलाची सरळ रेघ उठली. फळ्याकडं तोंड केलं की वर्ग हसतो. आज फळ्यावर काही लिहिलं नाही.
पुढची बाजू जवळपास स्वच्छ होती, याची कुणी दखल घेतली नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार
सिंधूचं पत्र. ओसरीच्या कठड्यावर एका बाजूनं बसायचा सराव करते आहे. गल्लीतल्या मैत्रिणींना सांगून ठेवलंय. तिनं विचारलंय, मागं बसल्यावर कुठं धरायचं?
चार पानी उत्तर लिहिलं. इंजिनातला दाब, पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण, सगळं आकृतीसह.

१८ ऑगस्ट, रविवार
हँडल उलटं बसवलं. आता पोट टाकीला लागतं, नाक पुढच्या चाकाच्या वर येतं. वारा अंगावरून निघून जातो.
एस.टी. स्टँडवर रामहरीचं हॉटेल आहे. तो बाहेर येऊन बराच वेळ बघत होता. म्हणाला, मास्तर, गाडीवर बसलाय का गाडीच्या पाया पडताय?
मान दुखते. सवयीनं जाईल.

२५ ऑगस्ट, रविवार
आज मोठी मजल. मागचं सीट काढलं. खाली स्प्रिंगा, वर जाड रबर, पुढं धरायला कातडी पट्टा. एकट्या सीटचं वजन सहा शेर भरलं. फोटोतल्या एकाही गाडीवर मागचं सीट नाही.
आई म्हणाली, आन् तिला कुठं बसवणार?
म्हणालो, आधी जायचं बघू. यायचं नंतर.
आईनं सीट चुलीपुढं नेलं. त्यावर बसून फुंकणी फुंकते. पट्ट्याला चिमटा अडकवलाय. कंबर दुखायची थांबली म्हणते.

३१ ऑगस्ट, शनिवार
गणपती बसले. सिंधू नाही. तिचं पत्र आहे. लिहिते, तुमचं पत्र चांगलं होतं, माझ्या आबांनाही वाचून दाखवलं. कुठं धरायचं ते मात्र राहिलं.
तिला तांत्रिक विषयात गोडी लागते आहे. दाबावर आणखी दोन पानं पाठवली.

१५ सप्टेंबर, रविवार
सायलेन्सर काढला. प्रचंड फरक. बाजारात एक बैलजोडी गाडीसकट तालमीत शिरली. हेडमास्तरांची चिठ्ठी आली, शाळेच्या अर्धा मैल आत गाडी चालू करू नये.
अर्धा मैल ढकलत नेतो. व्यायाम होतो.

३ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
गाडीची पूजा. मग रामहरीच्या हॉटेलपुढं चाचणी. रेकॉर्ड लागताच निघायचं, कालव्याच्या पुलाला वळसा घालून ती संपायच्या आत परत यायचं.
रामहरीनं लावणी लावली. मी किक मारली. लावणी संपली. त्यानं उलटी बाजू लावली. तीही संपली. त्यानं चावी भरली आणि पहिली बाजू पुन्हा लावली. म्हणाला, सावकाश होऊ द्या मास्तर, माझ्याकडं अजून सात रेकॉर्डी हायती.
पाचव्या रेकॉर्डीला इंजिन चालू झालं. पुलापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा तो बाकडी आत घेत होता.
निष्कर्ष: आपल्याकडच्या रेकॉर्डी लहान असतात.

१३ ऑक्टोबर, रविवार
सासऱ्यांचं, आबासाहेबांचं पत्र. पहिला दिवाळसण आहे, जावयानं यावं आणि भाऊबीज झाली की पोरीला घेऊन जावं. खाली सिंधूची एक ओळ: मी पिशवी लहानच भरली आहे, मांडीवर मावेल.
समजूतदार आहे. वजनाचं महत्त्व तिला कळलंय.

२० ऑक्टोबर, रविवार
सकाळी सातला निघालो. दहा वाजून दहाला इंदापूर. त्यातली पंचावन्न मिनिटंच गाडी चालत होती. उरलेला वेळ थांबण्यात गेला, तो धरायचा नाही. सणसरला धोतर चेनमध्ये अडकलं. गेणबानं विळ्यानं सोडवलं. गुडघ्याखालचं धोतर त्याच्याकडंच राहिलं.
वाड्यापुढं गल्लीतल्या मुली जमल्या होत्या. सिंधूनं नवं लुगडं नेसलं होतं, डोक्याला रुमाल बांधला होता. गाडी तुळशीवृंदावनाला टेकवली. सिंधूनं गाडीभोवती एक फेरी घातली. मागच्या चाकाशी थांबली. मग रुमाल सोडून आत गेली.
मला वाटलं, भारावली.

२३ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा
सिंधूनं ओवाळलं. जेवताना आबासाहेब म्हणाले, जावईबापू, पोरीला कुठं बांधून न्यायचा इचार हाय? पंगत हसली. सिंधू वाढत होती, ती हसली नाही.
म्हणालो, पाहू.
दुपारी एकटाच अंगणात गेलो. पाहिलं. माझ्या सीटमागं वीतभर लोखंड आहे, त्याच्या मागं चाक. टाकीवर उशी बांधता येईल. पण तिथं माझं पोट असतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार
सिंधू म्हणाली, तुमी व्हा फुडं, मी यष्टीनं येते.
गाडी चालू होईना. एस.टी. स्टँडपर्यंत ढकलत नेली. ती शेजारून चालत होती, मांडीवर मावणारी पिशवी हातात. कंडक्टरनं विचारलं, हे काय? सिंधू म्हणाली, आमचं सामान हाय, वर टाका.
चौघांनी दोर लावून टपावर चढवली. कंडक्टर खाली उतरला, हात झटकले. म्हणाला, कांद्याच्या दोन पोत्यांपेक्षा हलकी हाय. येवढी हलकी मोटारसायकल न्हाय बघितली कधी. काय केलंत मास्तर?
चार महिन्यांत काम ओळखणारा हा पहिला माणूस. सांगायला सुरुवात केली. सिंधू म्हणाली, बसा आता.
बारामतीपर्यंत ती खिडकीतून कालव्याकडं बघत होती.

२७ ऑक्टोबर, रविवार
आईनं सुनेला चुलीपुढं बसायला जागा करून दिली. सिंधू त्या सीटवर बसली, एका बाजूनं, पाय जुळवून. चिमटा काढून बाजूला ठेवला. पट्ट्यात हात घातला, ओढून पाहिला.
म्हणाली, हितं धरायचं व्हय.
म्हणालो, व्हय.