लाभार्थी स्त्री, समाधानी

पाळी, डिचोली
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय विठू,

हे पत्र सुमनकडून वाचून घेऊ नकोस. ते लेकीने मोठ्याने वाचायचं पत्र नाही. चष्मा लाव, बाजूला जाऊन बस आणि स्वतः वाच. जेवणाच्या सुट्टीत ट्रकच्या सावलीत तुला अक्षरं मीच शिकवली, तेव्हा वाचता येत नाही हे ढोंग माझ्यापुढे चालायचं नाही. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच.

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आमच्या विमलेचे गुडघे गेलेत, उठताबसता देवाला हाक मारते. गणपतीची चवथ आली की तुझी आठवण काढते, कारण मूर्तीवरच्या माटोळीला बांधायची रानफळं तूच डोंगरातून आणून द्यायचास. आता आम्ही बाजारातून विकत आणतो आणि ती दुसऱ्या दिवशी सुकतात. तुमच्या खोलीची कौलं कोणीतरी काढून नेली. दारासमोरचा नळ मात्र जागेवर आहे. वरची संगमरवरी पाटीसुद्धा आहे, अमुक देशाच्या जनतेची भेट म्हणून. शेजारचा बाबाजी त्या नळाला म्हैस बांधतो. एवढाच काय तो त्याचा उपयोग झाला.

त्या नळाबद्दलच लिहायचं आहे. गेल्या महिन्यात मला परदेशाहून एक जाड लिफाफा आला. विमलेला वाटलं, कोणी नोकरी देतोय म्हाताऱ्याला. ज्या देशाने आपल्या गावाला पाण्यासाठी पैसा दिला होता, त्यांच्या संसदेने म्हणे त्यांच्याच सरकारला धारेवर धरलंय: लोकांच्या करातून गोळा केलेला पैसा बाहेर पाठवलात, तिथे पाणी आलं की नाही ते दाखवा. म्हणून त्यांची तपासणीची माणसं एकेक गाव फिरतायत. आपल्या खात्याला विचारलं तर उत्तर आलं, फाईल वाळवीने खाल्ली. आमच्या वाळवीची जीभ मोठी चोखंदळ रे, नेमकी तीच फाईल तिला रुचली! आपल्याकडे हा प्रश्न विधानसभेत नाही, पंचायतीत नाही, कुठे म्हणून कोणी विचारला नाही. मीसुद्धा नाही. परक्याला आपल्या पैशाची चाड आहे आणि आम्हाला आमच्या पाण्याची नव्हती.

लिफाफ्यात नळयोजनेच्या जुन्या अहवालाच्या एका पानाची नक्कल होती. त्यावर दुभाषी म्हणून माझी सही आहे. चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी. तू त्या दिवशी खाणीचा माल घेऊन बार्जच्या धक्क्यावर गेला होतास, म्हणून खरं काय घडलं ते तुला ठाऊक नाही. टाकी बांधून झाली होती, पाइपही घातले होते. विहीर आणि पंप मात्र कागदावरच. गोरा साहेब बघायला येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी ओव्हरसियरने बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यातलं पाणी टँकरने आणून टाकीत ओतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, मास्तर, साहेब खूश झाला तर दुसरा हप्ता येतो, विहीर होते, पंप बसतो. नाराज झाला तर पैसा परत जातो आणि गावाचं नाव कायमचं बाद. वर शाळेच्या छपराचंही बघतो म्हणाला. त्या छपराखाली माझी पोरं पावसाळ्यात छत्र्या उघडून बसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, मला तेव्हा ते पटलं.

नळाला सगळ्यात जवळचं दार तुमचं. म्हणून साहेबाला तुमच्याच ओसरीवर बसवलं. आपल्याकडे आल्यागेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय कोणी कामाचं बोलत नाही. ओव्हरसियरने खूण केली, नळाचंच दे. सरस्वतीने पेला भरला, आतला लाल गढूळ रंग बघितला आणि सरळ केळीच्या बुंध्यात ओतला. पावण्याक असला पाणी दितत काय, म्हणाली. आत जाऊन स्वतःच्या कळशीतलं दिलं. पहाटे डोंगराच्या झरीवरून आणलेलं. साहेब दोन पेले प्यायला. असं गोड पाणी त्याच्या देशातही नाही म्हणाला. आणि मग त्याने तिलाच विचारलं, हे पाणी रोज येतं का, तुम्ही समाधानी आहात का?

तुझी बायको कधी कोणाला घाबरली? ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मास्तरानू, तेका सांगा, ह्या पाणी झरीचा. नळाचा पाणी लाल, म्हशीव तोंड लावणत नाय. आज तुमी येतलात म्हणान नळ चालू केल्यानी.” सगळं खरं, एका दमात. आणि मी त्या साहेबाला इंग्रजीत सांगितलं की ती म्हणते पाणी रोज येतं, गोड आहे, ती फार समाधानी आहे. साहेबाने लिहून घेतलं. सरस्वती हसली, तोही हसला. पावण्याला घाण पाणी द्यायचं नाही एवढाच तिचा धर्म, आणि तिच्याच कळशीवर मी खोटा शिक्का मारला.

दुसरा हप्ता आला की नाही, आणि आला तर कुठे मुरला, ते ओव्हरसियर जाणे. विहीर झाली नाही. शाळेचं छप्पर मात्र झालं. त्याखाली मी अकरा वर्षं खरं बोलावं यावर धडे दिले.

पण विठू, मला खरं खातं ते वेगळंच. नंतर तीन वर्षं सरस्वती वाडीतल्या बायकांना सांगत होती, “सायबाक सांगलंय मी. मास्तरानी इंग्लिशीत सांगल्यानी. आता बरा पाणी येतला.” एकदा तुमच्या मूळ गावाहून येताना माझ्यासाठी कोकमाची सोलं घेऊन आली, तिचं म्हणणं पोचवलं म्हणून. मी ती घेतली. विमलेने त्याची कढी केली आणि मी जेवलो.

मग चालू खाण आणखी खोल गेली आणि डोंगराची झर आटली. पुढचं तुला मी काय सांगू? सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात ती कळशी घेऊन त्या जुन्या खड्ड्यावर गेली, काठाची माती सुटली, आणि संध्याकाळी आपण दोघांनी तिला वर काढलं. तू रोज ट्रकमधून पाण्याचं पिंप आणायचास, त्या एका दिवशी विसरलास. तेराव्यालाही तू तेच बोलत होतास, गाव सोडून जाताना एसटीच्या पायरीवरही तेच. माझ्या विसरण्याने गेली, मास्तर. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि नशीब म्हणालो. माणसाने पिंप विसरावं आणि त्यासाठी बायको जावी, असं होत नाही रे. नळाला पाणी असतं तर तुझं पिंप कोणाला हवं होतं? अकरा वर्षं तू जे ओझं वाहतोयस ते तुझं नव्हे, माझं आहे. ते आता खाली ठेव. मला शिव्या दे, इथे येऊन मार, पण ते ठेव.

तपासणीची बाई सव्वीस तारखेला माझ्याकडे येणार आहे. मी तिला सगळं सांगणार, माझ्या नावासकट. ते ठरलंय, त्याला तुझी परवानगी नको. परवानगी हवी ती दुसऱ्या गोष्टीसाठी. अहवालाच्या त्या पानावर तुझ्या बायकोचं नाव नाही. तिथे एवढंच आहे: लाभार्थी स्त्री, समाधानी. ही स्त्री कोण, ती आज भेटेल का, असं त्या बाईने पत्रात विचारलंय. तू नको म्हणालास तर मी नाव घेणार नाही. हो म्हणालास, तर त्या जागी सरस्वती विठू परब असं पूर्ण नाव लिहायला लावीन, ती त्या दिवशी जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगेन, आणि पुढचा ‘समाधानी’ हा शब्द माझ्या हाताने खोडीन.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
सगुण मास्तर