सुमन, मोठं अनंत खरंच असतं

प्रिय सुमन,

आज अकरावीला संच शिकवत होते. एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, जे संपतच नाही, ते दुसऱ्याहून मोठं कसं असंन?" मी फळ्याकडे तोंड केलं. घरी आल्यावर तुला लिहायला बसले.

यवतमाळला बीएस्सीला हेच तू विचारलं होतंस. तू नेरकडच्या तांड्यावरची, मी पांढरकवड्याच्या एका कारकुनाची मुलगी, बाक एकच. "सर, एकले दोन, दोनले चार, अशा जोड्या लागते म्हणून सम संख्या साऱ्या संख्यांइतक्याच. मंग दशांशाले जोडी काहून भेटत नाही?"

सर म्हणाले, शून्य आणि एकमधल्या सगळ्या दशांशांची यादी कर, न संपणारी चालेल. पहिल्याचा पहिला अंक बदल, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा. असा बनलेला दशांश यादीत कुठेच नसणार. म्हणजे एक, दोन, तीनशी जोड्या लावूनही दशांश उरतातच, त्यांचं अनंत मोठं.

"तो बी लिहून टाकते ना," तू म्हणालीस.

"मग त्या यादीतूनही एक सुटेल."

स्टँडवर बस येईपर्यंत तू माझ्याशी भांडत होतीस. सरांवरचा राग माझ्यावर कशाला गं?

त्या वर्षी कपाशीवर अळी फार होती. तू सुट्टीत घरी गेलीस. भाऊ फवारत होता, तू औषध कालवून देत होतीस. संध्याकाळी तुझा फोन आला. "वर्षा, मले पटलं. कितीबी लिहा, एक सुटतेच. सरांले तू सांगू नको, मीच सांगीन." किती खुशीत होतीस! डोळे जळताहेत, मळमळतंय, हे मात्र बोलली नाहीस. काहून नाही सांगितलं, सुमन? पहाटे तुला दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता.

सरांना शेवटी मीच सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला आणि त्या दिवशी पुढे शिकवलं नाही.

नंतर तांड्यावर तुझ्या आईला, तुझ्या याडीला, भेटले. त्या म्हणाल्या, "वावरात निंदतानी ते यादीचंच बोले. मले काही समजे नाही, पण पोरगी बोलत राहे तर बरं वाटे." मग मला म्हणाल्या, "तू सांग ना थोडं." मी सांगत राहिले. त्या पदराने डोळे पुसत ऐकत होत्या.

फवारणीचे दिवस पुन्हा आलेत. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला त्या औषधाला हात लावू देणार नाही. घरोघरी जाईन, आईबापांशी भांडेन. शब्द देते तुला.

तुझ्याच बाकावरची,
वर्षा