चौथ्या पायाचे खिळे

ताई,

दुपारी तुझा नवरा आल्ता. तुला केस धरून फरफटत नेतो म्हणला, अन् आडवी आली म्हणून तुझ्या पोरीच्या, भावनाच्या पोटात लाथ घातली. सुतारकामाच्या बेंचाला चार पाय करायचे म्हणून मी अंगणात सेंट्रिंगच्या जुन्या लाकडांचे खिळे उपटत बसल्तो. त्यातलंच एक लाकूड त्याच्या डोक्यात घातलं. जित्ता हाये, लोकांनी दवाखान्यात नेला. पोरगी शेजारी आसरामावशीकडं हाये. अंगणातलं रगत धुऊ नको, पोलीस पाहतील. मी ठाण्यात चाललो.

ही चिठ्ठी वाचून चुलीत टाक. हातात आलं ते उचललं, असंच तिथं सांगीन मी. पण ताई, खिळे काढलेले तीन पाय माझ्या मांडीजवळच होते. मी उठून चौथा आणला.

नागसेन