बुटांच्या स्टँडचा खालचा कप्पा

भाईंदर (पूर्व)
२७ डिसेंबर

प्रिय इशू,

हे पत्र आधी एकदा पूर्ण वाच आणि मगच फोन कर. मधेच केलास तर मी उचलणार नाही. बत्तीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासले, त्यामुळे अवघड गोष्ट मला तोंडी सांगता येत नाही. कागदावर आली की धीर येतो. पानांचे फोटो काढून तुझे बाबा पाठवतील. कच्चं लिहिलेलं त्यांनी सकाळीच वाचलंय. वाचून मला पाणी आणून दिलं.

इकडचं ठीक. केबिन रोडवर अजून कागदी चांदण्या लटकतायत. बाबांनी नाताळचा म्हणून मनुक्यांचा केक आणला आणि शुगर विसरून दोन तुकडे खाल्ले. मी ओरडले. हे सगळं नेहमीचं. पण चोवीस तारखेला तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हापासून, मागाहून तू पाठवलेला फोटो मी पुन्हा पुन्हा उघडून बघतेय.

आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तुझ्याकडे तीन, आणि तुझ्या खिडकीबाहेर अंधार पडलेला. भर दुपारी! तू हसत हसत फोन घरभर फिरवलास. ही ऑफिसातली पोलंडची मार्टा, हे बाकीचे चौघे. सगळे एका सुरात ‘हॅलो आई’ म्हणून ओरडले. मार्टाच्या गावी म्हणे नाताळच्या जेवणाला एक ताटली जास्तीची मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. ती रिकामी ताटली तू कॅमेऱ्यासमोर धरलीस आणि म्हणालीस, ‘आई, ही तुझी. व्हिसावाल्यांनी नाही म्हटलं तरी मार्टाने तुझी जागा धरलीय.’ सगळे हसले, मीही हसले. मग गॅसवर दूध आहे म्हणून फोन बाबांच्या हातात दिला. गॅसवर दूध नव्हतं.

मी कशाला घाबरत नाही असं सोसायटीत सगळे समजतात. टँकरवाला मला बघून पाइप नीट लावतो. पण तू फिनलंडला, ओउलूला गेल्यापासून सकाळी चहाच्या आधी मी तिथलं तापमान बघते. उणे बावीस. उणे बावीसला माणसाचं नाक किती मिनिटांत बधिर होतं तेही मी शोधून ठेवलंय. गोठलेल्या पाण्यावरून चालत शॉर्टकट मारतेस असं तू सहज सांगितलंस, तेव्हापासून मला झोपेत काहीतरी तडकल्याचा आवाज येतो. ही भीती चारचौघींत सांगता येते. वरच्या मजल्यावरची हंसाबेन ऐकून म्हणते, ‘अरे सुहासबेन, वहाँ के लोग भी तो चलते हैं ना!’ दुसरी भीती मी तिला सांगितलेली नाही.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. क्लेमच्या फायलीत फोटो असायचे, आणि त्यात काय असायला हवं होतं आणि नाही, ते शोधायचे मला पैसे मिळायचे. तुझ्या दाराजवळ बुटांचा स्टँड आहे. वरच्या कप्प्यांत तुझे बूट. पाहुण्यांचे बूट खाली पायपुसण्यावर, एकावर एक पडलेले. आणि तरी स्टँडचा खालचा कप्पा रिकामा. परागचे दहा नंबरचे बूट तिथून बाहेर येतात, अडखळायला होतं, म्हणून गेल्या वर्षी तू कुरकुरायचीस. बाबांनी विचारलं, आमचे जावई कुठे? तू म्हणालीस, कामावर. नाताळच्या संध्याकाळी, जेव्हा तिथली दुकानंसुद्धा बंद असतात असं तूच सांगतेस.

मग टेबलावरची भांडी बघितली. बटाट्याचं काहीतरी, माशाचं काहीतरी, किसलेल्या गाजराचं काहीतरी. प्रत्येक भांडं वेगळ्या घरचं, एकाच्या झाकणावर तर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. तुझं त्यात एकही नाही. ओटा कोरडा, लखलखीत. चार माणसं यायची म्हटली की आदल्या दिवसापासून बिर्याणीचा कांदा कापणारी मुलगी तू! इशू, लोक आपापली पातेली घेऊन कुठल्या घरी जातात ते मला माहीत आहे. तुझी आजी गेली तेव्हा आपल्या घरी गॅस पेटला नव्हता. हंसाबेन वरच्या मजल्यावरून खिचडी-कढी घेऊन उतरली होती. ‘खाना पडेगा, सुहासबेन. रोना बाद में,’ म्हणाली आणि समोर बसून राहिली. नाताळ हे निमित्त होतं. तू न जेवता एकटी बसशील म्हणून ती माणसं आली होती.

त्याच हंसाबेनची नीलम सासर सोडून परत आली तेव्हा तू कॉलेजात होतीस. हंसाबेन जिन्यात रडत होती. मी घरात शिरले आणि दार उघडं ठेवून, तुला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘लग्न म्हणजे काय भाड्याची खोली आहे, नाही पटली की सोडली? आमच्याकडे असली थेरं चालायची नाहीत.’ हंसाबेनने ऐकलं. त्यानंतर तीन वर्षांनी ती खिचडी घेऊन आली. तूही ऐकलं होतंस, आणि ते तुझ्यात किती खोल गेलंय हे मला या एप्रिलमध्ये कळलं. तू फोनवर म्हणालीस, ‘आई, माझं आणि परागचं...’ आणि थांबलीस. मी विचारायला हवं होतं. मी म्हणाले, ‘सगळ्यांचं असंच असतं गं, रविवारी बोलू.’ रविवारी तू हवेबद्दल बोललीस. दिवाळीत म्हणालीस, ‘नाताळला ये. मला तुझ्याशी बोलायचंय.’

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझा व्हिसा कोणी नाकारला नाही. दहा तारखेला पासपोर्ट कुरिअरने आला. बाबा मुर्ध्याला मासळी आणायला गेले होते. पाकीट उघडलं, व्हिसा लागलेला होता, तीस जानेवारीपर्यंतचा. मी तो कपाटात पैठणीखाली ठेवला आणि तुम्हा दोघांनाही खोटं सांगितलं. तू म्हणालीस, नकाराचं पत्र पाठव, मी बघते. मी म्हणाले, पत्र दिलं नाही. लेखी कारण दिल्याशिवाय कुठलंच ऑफिस नकार देत नाही, हे तुलाही ठाऊक असणार. तरी तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस. त्या ‘बरं’ने मी आणखी घाबरले. मी समोर आले असते तर तू बोलली असतीस, आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच नीलमच्या वेळचं वाक्य निघालं असतं तर? बर्फाची भीती मी लोकांना सांगत फिरले. खरी भीती या माझ्या तोंडाची होती. काल तिकीटं काढून देणाऱ्या जितेशच्या ऑफिसात गेले. ‘मॅडम, रद्द केलेलं तिकीट परत काढायचं? नक्की ना?’ म्हणाला. नक्की. पाच जानेवारीला संध्याकाळी पोचते. भीती गेलेली नाही, सामानाबरोबर घेऊनच येतेय. तू मला काही समजावून सांगायची तयारी करू नकोस, स्वयंपाकही करू नकोस. ओटा मी बघेन. हंसाबेन ठेपले देणार आहे, नीलम लाटणार आहे. विमानतळाबाहेर माझा हात धर, मी नको म्हटलं तरी धर. आणि स्टँडचा खालचा कप्पा तसाच राहू दे. केबिन रोडवरून जाड तळव्याचे बूट घेतलेत, पाच नंबरचे. मावतील.

तुझीच,
आई