हॅरोवेलच्या पठारावर पाव्हण्याला गाव विचारत नाहीत

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर १९८६

ती. शांताआक्का हिच्या पायी धाकट्या शंकरप्पाचे शरणार्थ. इकडं सगळे धडधाकट आहोत. तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि नवी व्यालेली म्हैस, तिघांच्याही तब्येती कळव (म्हशीची आधी. दाजी कुरकुरतील, कुरकुरू देत).

गुरुपाद ज्या विमलाशी लग्न करीन म्हणतोय ती कुणाची, गाव कुठलं, माणसं कसली, एवढी चौकशी करून उलट टपाली कळव, नाहीतर मी येऊन पोराला निपाणीला घेऊन जाते, असं तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उलट टपाल हुकलं, कारण मी परमुलखात होतो. म्हणजे होतो दुकानातच, पण परमुलखात.

तुझ्या लेकाला कंपनीनं सहा महिने इंग्लंडला धाडलं, तिथून त्यानं माझ्यासाठी स्वेटर आणायचा सोडून एक खोका आणला. आत तीन पुस्तकं, एक नकाशा आणि सहा, आठ, वीस बाजूंचे फासे (घाबरू नकोस, पैसे लावत नाहीत. मीही आधी ओरडलोच). नकाशावरचा मुलूख जगात कुठंच नाही, पण पुस्तकात इत्थंभूत छापलाय, नद्या, घाट, बाजार, राजा कोण, पिकतं काय. गुरुपाद सांगतो, तुम्ही वेशीत उभे आहात, समोर अमुक आहे, काय करणार? आपण सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, पंपांची खोकी सरकवून आम्ही बसतो. मी, चित्रकलेचे निवृत्त मास्तर तात्या, तालमीतला जोतीराम, आणि विमला (होय, तीच. मुलींच्या शाळेत गणित शिकवते).

प्रत्येकाचा लाडका मुलूख वेगळा. तात्यांना उत्तरेचे बर्फाचे डोंगर. जन्मात त्यांनी बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला, पण डोंगर चढायला लागले की भर मे महिन्यात मफलर गुंडाळून बसायचे. जोतीरामला दक्षिणेची दलदल, कारण तिथले राक्षस कायद्यानं कुस्ती खेळतात. एकाला चीत केल्यावर यानं त्याला उठवून पाठ थोपटली आणि खुराक काय घेतोस म्हणून विचारलं. मी मात्र मुलूख जोखतो तो पाण्यावरून. सोन्याच्या घुमटांचं जादूगारांचं शहर आहे त्यात, पण विहिरीचं एक अक्षर नाही. असल्या गावात पंप कोण घेणार?

माझं मन बसलं हॅरोवेलच्या पठारावर. आक्का, काय मुलूख छापलाय! खडकाळ रान, पण ओढ्याला जागोजागी बांध, पाळीनं पाणी आणि पाळीवरून मारामारी नाही (एवढी एक थाप सोडून दिली). आणि रीत अशी की दारात येईल त्याला तीन दिवस जेवू घालायचं, आणि त्या तीन दिवसांत घरच्यांनी पाव्हण्याला नाही, पाव्हण्यानं घरच्यांना नाही, गाव-घराणं विचारायचं नाही. तिथली अर्धी वस्ती कुठल्या ना कुठल्या राजाला कंटाळून आलेली, म्हणून. विचारील त्याला ओढ्यापलीकडं घालवतात, महिनाभर आत पाऊल नाही.

गुरुपादनं ही रीत दोनदा वाचून दाखवली. आम्ही माना डोलावल्या. पहिल्याच घरात एका म्हातारीनं भाकरी वाढली. जोतीराम म्हणाला, "झ्याक हाय आजी. मूळच्या तुमी कुठल्या?" जोतीराम ओढ्यापलीकडं. तात्या त्याला हसले आणि म्हातारीला म्हणाले, "मनावर घेऊ नका, तुमच्यात असलं चालत नसणार. तुमच्यात म्हणजे कुणात?" तात्याही पलीकडं. मी तीस वर्षं गिऱ्हाईक सांभाळलेला माणूस. गप जेवलो. आमटी प्यालो, चटणी वाखाणली, आणि वाखाणण्याच्या भरात तोंडून गेलं, "माहेरची पद्धत वाटतं?" गुरुपाद म्हणाला, "मामा, म्हातारी जरा बहिरी आहे. टाका फासा." पडला एक, म्हणजे सगळ्यात वाईट. म्हातारीला स्वच्छ ऐकू गेलं, मीही पलीकडं.

उरली विमला. ती जेवली, पाणी भरलं, म्हातारीची गळकी पन्हळ नीट केली. तिसऱ्या दिवशी म्हातारी आपण होऊन सगळी कहाणी सांगायला बसली, आणि आम्ही तिघं पलीकडच्या काठावर. जोतीराम म्हणाला, "पोरी, तोंडाला कुलूप हाय काय तुझ्या?" ती हसून म्हणाली, "नाही काका. मला सगळे पहिलं तेच विचारतात आणि पुढचं विचारायचं राहून जातं. म्हणून मी पुढच्यापासून सुरू करते." वसतिगृहात वाढलीय ती. जोतीराम कपातला संपलेला चहा प्यायला लागला.

आक्का, मी सतराव्या वर्षी घर सोडून हातकणंगले स्टेशनात गुळाच्या ढेपा उतरवायला गेलो, ते तुला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी दोन दारांत गाव विचारलं आणि कडी लावली. तिसऱ्या दारात एका बाईनं आधी ताट वाढलं. तिचं नाव तानाबाई. तिचं गाव मला आजतागायत माहीत नाही. हॅरोवेल लिहिणारा तो इंग्रज कोण, मला ठाऊक नाही, पण तो हातकणंगल्याला कधी उतरला होता, एवढं विचारायचं आहे त्याला.

तेव्हा तुझ्या पत्राला माझं उत्तर एवढंच, की पोरीला मी काही विचारलेलं नाही. दाजींना शरणार्थ.

तुझा
शंकरप्पा

ता. क. येत्या रविवारी ये, पण पोराला न्यायला नको, राहायला ये. तीन दिवस स्वयंपाक विमला करणार आहे. तिला मीठ विचार, गणित विचार, पगार विचार. गाव-घराणं विचारलंस तर मी स्वतः तुला एस.टी. स्टँडवर नेऊन बसवीन.

आणखी ता. क. शंकऱ्या आणि विचारल्याशिवाय राहिला, हे तुला पटणार नाही, आणि ते बरोबर आहे. पोरीला विचारलं नाही, पण गुरुपादनं तिचं नाव काढलं त्याच दिवशी मी चार ठिकाणी कान लावून आलो. मला सगळं माहीत आहे. चौथ्या दिवशी सकाळच्या चहाला विचार, सांगतो. तोवर विचारायचं तुझ्या ध्यानात राहिलं तर.